पुढची तारीख कधीची घ्यायची?

मानसिक आजाराच्या औषधांबद्दल या सदराकडे आलेल्या पत्रांत औषधांच्या नावांपेक्षा तारखांचे प्रश्न जास्त आहेत. पुन्हा कधी जायचं, तारीख चुकली तर काय, रक्त आधी तपासायचं की नंतर, फोनवर भागेल का? त्यातली काही पत्रं आणि उत्तरं इथे देत आहोत. एवढं लक्षात ठेवून वाचा : पुढची तारीख औषधाच्या स्वभावावरून ठरते. गोळी किती दिवसांनी लागू पडते, त्रास कधी देते आणि अचानक थांबली तर किती दिवसांत बिघडवते, हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं.

ह्यांना (वय ४१) उदासीनतेसाठी एसिटालोप्राम १० मिलिग्रॅमची गोळी सुरू होऊन नऊ दिवस झाले. गुण तर नाहीच, उलट मळमळतं, रात्री तळमळत असतात. डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी बोलावलंय. सासूबाई म्हणतात, लागू पडत नाही तर दुसरीकडे दाखवू. काय करावं? — एक वाचक, बार्शी

ठरलेल्या तारखेला त्याच डॉक्टरांकडे जा. एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या जातीच्या औषधांचा त्रास आधी जाणवतो आणि गुण मागाहून येतो. मळमळ, पातळ शौच, डोकं दुखणं, बेचैनी हे सगळं पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत दिसतं आणि बहुतेकांचं त्यानंतर ओसरतं. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि औषध चाललं की नाही हे ठरवायला योग्य डोसवर चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. नवव्या दिवशी डॉक्टर बदलले तर नवी गोळी, नवे त्रास आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. असे तीन दवाखाने फिरून झाले की घरात 'याला कुठलंच औषध लागू पडत नाही' असं बोललं जातं. खरं तर एकाही औषधाला पुरता वेळ मिळालेला नसतो.

दोन आठवड्यांची भेट त्रास किती आहे, गोळी नियमित घेतली जाते का, जिवाला धोका नाही ना, हे बघायला असते. तिथे 'गुण नाही' ऐकून डॉक्टरांनी औषध बदललं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. डोस वाढवायचा की औषध बदलायचं, हा निर्णय साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यातल्या भेटीत होतो. म्हणून ती भेट अजिबात चुकवू नये.

तोवर गोळी नाश्त्यानंतर घेतली तर मळमळ कमी होते. सध्या ते रात्री घेत असतील आणि झोप उडत असेल, तर सकाळी घेतली तर चालेल का हे दवाखान्यात फोन करून विचारा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज रात्री एक ओळ लिहा : किती तास झोपले, जेवण किती गेलं, अंघोळ आपणहून केली की सांगावी लागली, कामावर गेले का. सुधारणा आधी या गोष्टींत दिसते. स्वतः आजारी माणूस 'काही फरक नाही' म्हणत असतो आणि दिनदर्शिकेत मात्र झोप चार तासांवरून सहावर आलेली असते.

तारखेची वाट न बघता त्याच दिवशी गाठायच्या गोष्टी या : मरणाची भाषा, एका जागी बसवेनाच अशी अस्वस्थता, अंगावर पुरळ, किंवा एकाएकी झोपेची गरजच न वाटणं, अखंड बडबड आणि वारेमाप खर्च. वय पंचविशीच्या आत असेल किंवा आत्महत्येचे विचार आधीपासून असतील तर पहिली भेट दोन आठवड्यांनी नको, आठवड्याच्या आत मागून घ्या. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर मात्र फोनवर न थांबता जवळचं रुग्णालय गाठा, आणि माणसाला एकटं सोडू नका.

आईच्या गोळ्या सरकारी रुग्णालयातून मिळतात. मनोविकार ओपीडी मंगळवारी असते. दर वेळी गोळ्या तारखेच्या चार-पाच दिवस आधीच संपतात आणि मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर द्यायला तयार नसतो. — एक वाचक, नेवासा

'एक महिना' या शब्दाने हा घोटाळा होतो. खिडकीवर महिन्याच्या म्हणून ३० गोळ्या मिळतात, पण ओपीडी मंगळवारीच असल्यामुळे पुढची भेट २८ व्या दिवशी तरी पडते नाहीतर ३५ व्या. पस्तिसावा दिवस असेल तर पाच दिवस कोरडे जाणारच. त्यामुळे केसपेपरवर पुढची तारीख पडली की तिथेच दिवस मोजा, दिवसाच्या गोळ्यांनी गुणा आणि वर सात दिवसांच्या जादा मागा. आजच्या मंगळवारपासून पाच आठवड्यांनंतरची तारीख आहे आणि सकाळी एक, रात्री दोन गोळ्या आहेत, तर ३५ गुणिले ३ म्हणजे १०५, आणि सात दिवसांच्या २१ धरून १२६. 'पाच आठवड्यांच्या लिहा, महिन्याच्या नको' असं डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं की ते तसं लिहितात. रुग्णालयाच्या साठ्यामुळे जादा सात दिवसांच्या मिळाल्या नाहीत, तर तेवढ्याच बाहेरून घ्यायला वेगळी चिठ्ठी मागा.

खिडकीसमोरून हलायच्या आधी पाकिटं मोजा. काही कंपन्यांची पट्टी दहाची असते, काहींची पंधराची. 'तीन पट्ट्या' या हिशेबाने गेलात तर ३० ही असू शकतात, ४५ ही. अर्धी गोळी लिहिली असेल तर मधोमध रेघ असलेली गोळीच तोडा. नावापुढे एसआर, ईआर, सीआर असेल तर ती हळूहळू विरघळणारी गोळी आहे, डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारल्याशिवाय तोडू नका.

मेडिकलवाल्याचं म्हणाल तर त्याचा नाइलाज असतो. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्यातही अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम अशा झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या 'एच-१' या यादीत येतात. त्यांच्या प्रत्येक विक्रीची नोंद डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि गोळ्यांची संख्या लिहून वेगळ्या वहीत करावी लागते, आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते.

गोळ्या संपतच आल्या तर मंगळवारची वाट बघू नका. कुठल्याही दिवशी केसपेपर आणि रिकामी पट्टी घेऊन रुग्णालयात जा, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तारखेपर्यंतच्या गोळ्या मागा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात समाजसेवक आणि परिचारिका असतात. त्यांच्यापैकी कुणाचा तरी फोन नंबर केसपेपरच्या मागे लिहून ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अत्यावश्यक यादीतली औषधं सरकारी रुग्णालयातून मोफत मिळणं हा आईचा हक्क आहे. तेव्हा संकोच करू नका.

गोळ्या पुरवायच्या म्हणून निम्मा डोस देणं किंवा शेजारणीची पट्टी उसनी आणणं हे दोन्ही नको. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम रोज घेणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. मनःस्थितीचे टोकाचे चढउतार रोखणारं लिथियम अचानक थांबलं तर उन्माद उसळतो. स्किझोफ्रेनियासाठीच्या क्लोझापिनमध्ये ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुना डोस थेट सुरूच करता येत नाही, साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढत जावं लागतं. आईच्या चिठ्ठीत यातलं काही असेल तर सात दिवसांचा जादा साठा ठेवाच.

बाबा (वय ५८) बारा वर्षं लिथियमवर आहेत, प्रकृती उत्तम. दरवर्षी आळंदीहून पायी वारी करतात. यंदा रक्ततपासणी आणि डॉक्टरांची तारीख नेमकी वारीत येतेय. परत आल्यावर केली तर चालेल ना? — एक वाचक, पुणे

नाही, निघायच्या आधी करा. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटरची वाट. तीत रोजचा घाम, बदलतं पाणी आणि बदलतं जेवण आलं. लिथियमला नेमकं हेच सोसत नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतात. गोळ्या तेवढ्याच राहतात आणि रक्तातली पातळी मात्र चढते. औषध उपयोगी पडण्याची पातळी आणि विषारी पातळी यांच्यात अंतर फार थोडं. बऱ्याच जणांना नेहमीसाठी लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोल एवढी ठेवतात, आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसू लागतात.

वारीच्या आठ-दहा दिवस आधी लिथियमची पातळी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी तपासणी) करून घ्या, अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटा आणि मगच पिशवी भरा. थायरॉइड आणि कॅल्शियम सहा महिन्यांत झालं नसेल तर तेही त्याच सुईत. पातळीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. बाबा रात्री नऊला घेत असतील तर सकाळी नऊला रक्त. सकाळचीही गोळी असेल तर ती खिशात घेऊन जा आणि रक्त दिल्यावर खा. इथेच सर्वात जास्त चुका होतात. सवयीने सकाळची गोळी घेऊन माणूस लॅबमध्ये जातो, पातळी खोटी चढलेली दिसते, आणि चांगला बसलेला डोस विनाकारण कमी होतो. लॅबवाल्याला आणखी एक सांगा : हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लिथियमचंच हेपारिन असतं. त्या नळीत हे रक्त घेतलं तर अहवाल चुकणार. चांगल्या लॅबला हे माहीत असतं, तरी विचारायला काही हरकत नाही. फक्त लिथियमसाठी उपाशीपोटी जायची गरज नाही. लहान गावातून नमुना पुण्या-मुंबईला जातो, म्हणून भेटीच्या तीन-चार दिवस आधी रक्त द्या. अहवालाशिवाय झालेली लिथियमची भेट निम्मी वाया जाते.

डोस बदलला तर पुन्हा पाच ते सात दिवसांनी पातळी बघावी लागते. आठ-दहा दिवस आधी म्हटलं ते म्हणूनच. निघायच्या आदल्या दिवशी डोस बदलून वाटेला लागणं धोक्याचं.

वाटेत निर्जळ उपास नको. आषाढीलाही पाणी प्यावं. जेवणातलं मीठ नेहमीएवढं राहू द्या. पाय दुखतात म्हणून वैद्यकीय तंबूत डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मिळतं. त्याने लिथियम चढतं. 'मी लिथियमवर आहे' हे आधी सांगायचं आणि पॅरासिटामॉल मागायचं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही असंच होतं, तेव्हा नवी कुठलीही गोळी विचारून. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. हात ठळकपणे थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, गुंगी यातलं काही दिसलं तर गोळी थांबवून थेट रुग्णालय. औषधांची नावं, डोस आणि घरचा नंबर लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बाबांच्या बंडीच्या खिशात ठेवा, आणि दिंडीतल्या एका जवळच्या माणसाला हे सगळं सांगून ठेवा. परत आल्यावर आठवड्याभरात पातळी पुन्हा बघून घ्या.

मुलगा (वय २६) स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या घेतो म्हणतो आणि थुंकतो. दवाखान्यात यायला तयार नाही. आम्हीच जाऊन औषध आणतो आणि चहात घालतो. डॉक्टरांनी इंजेक्शन सुचवलंय. त्याच्या तारखा कशा असतात? — एक आई, खामगाव

ताई, आधी चहाबद्दल. हे डॉक्टरांना उघड सांगा, ते रागावणार नाहीत. डोस किती पोटात जातो हे न कळता ते औषध वाढवत राहिले तर मुलालाच त्रास. आणि ज्या दिवशी त्याला चहातली पूड कळेल, त्या दिवशी तो घरचं जेवणही टाकेल.

इंजेक्शनचा मार्ग चांगला आहे, पण तो मुलाशी बोलून. रोज गोळीवरून होणारी हुज्जत थांबते, हेच त्याला सांगा. फ्लुफेनाझिन डेकानोएट सहसा दोन ते चार आठवड्यांनी देतात. पॅलिपेरिडोनच्या महिन्याच्या इंजेक्शनमध्ये पहिलं झाल्यावर दुसरं आठव्या दिवशी, ही दोन्ही इंजेक्शनं दंडात, आणि मग महिन्यातून एक. दुसऱ्या इंजेक्शनची तारीख चार दिवस मागेपुढे चालते, पुढच्या महिन्याच्यांची सात दिवस. शेवटच्या इंजेक्शनला सहा आठवडे उलटून गेले तर मात्र सुरुवातीच्या दोन इंजेक्शनांपासून मांडणी करावी लागते. कोणतंही असो, आधी त्याच औषधाच्या गोळ्या देऊन ते सोसतं का हे बघतात.

'दर चार आठवड्यांनी' आणि 'दर महिन्याला' यात फरक आहे. चार आठवडे म्हणजे २८ दिवस. वार तोच राहतो, वर्षाला १३ इंजेक्शनं होतात. महिना धरला तर तारीख तीच राहते पण वार बदलतो, आणि कधी रविवारी येते, कधी दिवाळीत. चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय ते वाचून वर्षभराच्या तारखा एकदमच दिनदर्शिकेत मांडा. सुटीवर येणारी तारीख आधीच्या दिवशी घेता येईल का, ते त्याच वेळी विचारून ठेवा. इंजेक्शन चुकलं आणि मुलगा आठवडाभर बरा दिसला तर फसू नका. ते अंगात हळूहळू उतरतं, म्हणून बिघाडही उशिरा दिसतो आणि तोवर मुलगा यायला नकार देऊ लागलेला असतो. तारीख हुकली की दुसऱ्याच दिवशी जा.

तो येत नसेल तेव्हाही तुम्ही ठरलेल्या तारखेला जात राहा. मुलाची खासगी गोष्ट डॉक्टर तुम्हाला सांगणार नाहीत कदाचित, पण तुमचं ऐकून घेऊ शकतात. मात्र महिनोन्‌महिने त्याला न बघता औषध चालू ठेवणं योग्य नाही. घरी येणारं पथक किंवा व्हिडिओवर पाच मिनिटं, यातलं काय जमेल ते विचारा.

मुलगी बंगळुरूला नोकरीला, डॉक्टर कोल्हापूरचे. सर्ट्रालिन रोज आणि घबराट झाली तर अल्प्राझोलाम. फोनवर तपासणी चालते का? — एक वाचक, इचलकरंजी

सर्ट्रालिनपुरती चालते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी जुन्या रुग्णाचं औषध दूरस्थ तपासणीतून पुढे चालू ठेवायला वाट करून दिली आहे. ते योग्य आहे की नाही, हे डॉक्टर ठरवतात. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक, सही आणि तारीख हवी. अल्प्राझोलाम मात्र एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात येतं आणि ते या मार्गाने लिहून देता येत नाही. ती गोळी अजून लागतेच का, हेही समोर बसूनच बोलायला हवं. गणपतीला आणि उन्हाळ्यात ती घरी येत असेल तर त्या सुट्यांतल्या भेटी आताच ठरवून टाका.

व्हिडिओच्या भेटीआधी तिने वजन, रक्तदाब आणि उरलेल्या गोळ्यांची संख्या आदल्या दिवशी कळवावी. पीजीच्या खोलीत मैत्रिणी असताना ही बोलणी होत नाहीत. माणूस 'सगळं ठीक' म्हणून मोकळा होतो. एकांत मिळेल अशी जागा आणि वेळ बघूनच तारीख घ्यावी. बंगळुरूचा पत्ता आणि तिथल्या एका जवळच्या व्यक्तीचा नंबर डॉक्टरांकडे असू द्या.

उदासीनतेतून पाच महिन्यांपूर्वी पूर्ण बरी झाले. आता गोळी बंद करू का? पुढच्या तारखेला जाऊन काय सांगायचं? — एक शिक्षिका, अलिबाग

'बंद करायची आहे' हेच सांगायला जा. उदासीनतेचा पहिलाच झटका असेल तर बरं झाल्यावरही सहा ते नऊ महिने त्याच डोसवर राहायचं असतं. आधी झटके येऊन गेले असतील तर दोन वर्षं किंवा जास्त. मग डोस पायऱ्यापायऱ्यांनी, निदान चार आठवडे आणि पुष्कळदा काही महिने घेऊन उतरवतात, आणि दोन ते चार आठवड्यांनी भेट असते. परीक्षा, बदली, घरातलं लग्न अशा दिवसांत उतरवायला घेऊ नका.

डोस कमी केल्यावर दोन-चार दिवसांतच चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, चिडचिड, विचित्र स्वप्नं सुरू झाली तर तो बहुधा गोळी कमी केल्याचा परिणाम असतो. आधीचा डोस घेतला की लवकर शमतो. आजार परततो तो सावकाश, काही आठवड्यांत. पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिनमध्ये हे झटके जास्त, फ्लुओक्सेटिन अंगातून सावकाश जात असल्याने तिथे कमी. शेवटची गोळी घेतल्यानंतरही साधारण महिन्याने आणि तीन महिन्यांनी एकेक तारीख घेऊन ठेवा.

ओलान्झापिन सुरू झाल्यापासून भाऊ चार महिन्यांत सात किलोंनी वाढला. डॉक्टर नुसतं 'कसं वाटतंय' विचारतात. — एक वाचक, डोंबिवली

वजन तुम्हीच काढून न्या. हे औषध सुरू करताना वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबीची तपासणी व्हायला हवी, तीन महिन्यांनी पुन्हा, आणि नंतर वर्षाला एकदा. वजन पहिले तीन महिने दर चार आठवड्यांनी. तुमच्या भावाची तीन महिन्यांची तपासणी राहिलेली दिसते. पुढच्या तारखेच्या दोन दिवस आधी उपाशीपोटी साखर आणि चरबी करा, खोलीत शिरताच अहवाल पुढे ठेवा आणि विचारा, 'डोस कमी करता येईल का, की दुसरं औषध बघायचं?' पण तोवर गोळी चालूच राहू द्या.